भरवशाचा माणूस

चांगल्या सवयींविषयी हल्ली फार लिहिले आणि बोलले जाते. पहाटे उठावे, रोज ठरावीक अंतर चालावे, झोपण्यापूर्वी काही पाने वाचावीत, उद्याच्या कामांची यादी आजच करावी, फोन उशापासून लांब ठेवावा. यांतले एकही सांगणे चुकीचे नाही आणि त्यांतली काही मी स्वतः पाळतो. पण या साऱ्या उपदेशाचा रोख एकाच दिशेला असतो: माझी प्रकृती, माझी एकाग्रता, माझी प्रगती, माझा वेळ. ही सवय लागल्याने माझ्याखेरीज आणखी कोणाचे काय होणार आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि मला तर तोच सर्वांत आधी विचारण्याजोगा वाटतो. कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे गणित शिकवताना, आणि त्याही आधी घरातल्या मोठ्यांकडे पाहताना, माझे असे मत बनत गेले आहे की ज्या सवयीवर दुसरे कोणी विसंबलेले असते तीच सवय टिकते, आणि आयुष्य कारणी लागते तेही बहुधा अशाच सवयींमुळे.

याचे माझ्या डोळ्यांपुढचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. शाळेत त्यांची एक गोष्ट हमखास सांगितली जाई. 1875 साली, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर असताना, परीक्षेला बसण्यासाठी ते दापोली तालुक्यातल्या मुरूडहून निघाले आणि सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून, शंभरावर मैलांची वाट पायी तुडवून साताऱ्याला पोहोचले. तेथे मात्र हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले गेले नाही. गोष्ट खरी आहे आणि मनाला भिडणारीही आहे. तरीही मुलांना कर्वे सांगायचे असतील तर मी ही गोष्ट आधी सांगणार नाही. एका ध्येयासाठी काही दिवस जिवाचे रान करणे पुष्कळांना जमते. समोर परीक्षा असते, सोबत मित्र असतात, वयाची रग असते. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण साताऱ्याच्या वाटेपेक्षा हिंगण्याच्या वाटेवर दिसते.

कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला. विधवा मुलींना आसरा आणि शिक्षण देणारी ही संस्था पुणे शहराला रुचणारी नव्हती. कर्व्यांनी स्वतः 1893 मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला होता आणि त्याबद्दल मुरूडच्या लोकांचा बहिष्कारही सोसला होता. त्यातच शहरात प्लेगची साथ आली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली, तेथे एक साधी झोपडी उभी राहिली आणि 1900 साली आश्रम तिकडे हलला. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि तेथे रस्ता ओलांडायला वाट पाहावी लागते. तेव्हा तो शहराबाहेरचा ओसाड माळ होता आणि तेथवर धड रस्तासुद्धा नव्हता. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. कॉलेजातले काम आटोपले की ते पायी हिंगण्याला जात, तिथल्या मुलींना शिकवत, आश्रमाला लागणारे जिन्नस कित्येकदा स्वतःच वाहून नेत. पावसाळ्यात ही वाट चिखलाची होई, आणि त्या चिखलातूनही ते जात.

कर्वे 104 वर्षे जगले, आणि त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य म्हणून या चालण्याकडे अनेकांनी बोट दाखवले आहे. त्यात तथ्य असेलही. पण आपले आयुष्य वाढावे म्हणून ते हिंगण्याला गेले नाहीत. माळावरच्या त्या झोपडीत घरादाराने टाकलेल्या मुली होत्या आणि संध्याकाळी अण्णा, म्हणजे कर्वे, येणार हे त्या धरून चालत होत्या. ज्या मुलीला तोवर कोणाचाच भरवसा उरलेला नव्हता, तिला रोज ठरल्या वेळी येणारा एक माणूस दिसणे, याचे मोल मला त्या माणसाने शिकवलेल्या कोणत्याही धड्याहून जास्त वाटते. ज्या नेमामागे अशी वाट पाहणारी माणसे असतात, तो मोडण्याआधी माणूस दहादा विचार करतो. नुसत्या स्वतःपुरत्या संकल्पाला हा धाक नसतो.

कर्व्यांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते वक्ते नव्हते. स्वभावाने लाजाळू, बुजरे होते. ज्या पुण्यात आगरकर, टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांची लेखणी आणि वाणी तळपत होती, त्या पुण्यात या माणसाजवळ दिपवून टाकणारे काहीच नव्हते. होती ती चिकाटी, आणि लहान रकमांवरचा विश्वास. कमवू लागल्यापासून मिळकतीतला एक छोटा, ठरावीक हिस्सा परोपकारासाठी बाजूला काढायचा हा त्यांचा नियम होता. पुढे स्वतःच्या आयुर्विम्याची पाच हजार रुपयांची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. प्रपंच सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी आनंदीबाईंना हे सोसणे सोपे नव्हते, आणि अण्णांच्या नियमांची किंमत त्यांच्या घरानेही मोजली हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. एकाच्या तत्त्वापायी घरातल्या दुसऱ्यांना काय सोडावे लागते, याचा हिशेब चरित्रांत सहसा मांडला जात नाही. तो मांडला तरी मला अण्णांविषयीचा आदर कमी झालेला जाणवत नाही. उलट स्वतः आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडणाऱ्या आनंदीबाईंविषयीचा आदर वाढतो.

हाच माणूस 1916 साली महिला विद्यापीठ उभारतो, आणि 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाहीत तेथे प्राथमिक शाळा निघाव्यात म्हणून पुन्हा थोडीथोडी वर्गणी गोळा करू लागतो. इतक्या मोठ्या संस्थेनंतर पुन्हा पै-पैशावर यायला त्यांना काही कमीपणा वाटला नाही, कारण आयुष्यभर त्यांची कामाची रीत तीच होती.

अशा थोर माणसाचे उदाहरण दिले की ऐकणाऱ्याला वाटते, हे आपल्याला कोठून जमणार. म्हणून आता एका अगदी साध्या माणसाविषयी लिहितो.

माझ्या मामांचे कराडला किराणा दुकान होते. रात्री फळ्या लावून झाल्या की मामा बैठकीवर मांडी घालून बसत, गल्ला समोर ओतत, नोटा वेगळ्या करत, नाण्यांच्या चवडी लावत आणि लाल कापडी बांधणीच्या वहीत दिवसाचा रोजमेळ लिहीत. काल रात्रीची शिल्लक, आजची विक्री, उधारीची वसुली, दिलेले पैसे, आणि मग हातातली रोकड. वहीतला आकडा आणि गल्ल्यातला आकडा जुळल्याखेरीज जेवायला उठायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. आतून मामी दोनदा हाक मारीत, "अहो, ताटं वाढलीत," आणि मामा मान वर न करता "आलोच" म्हणत. सुट्टीत गेलेला मी शेजारी बसून नाण्यांच्या चवडी मोजण्याचे काम करीत असे.

रोकड कमी भरली तर मामा एकदा पुन्हा मोजत, आठवून पाहत, आणि तरीही मेळ बसला नाही तर घट लिहून वही मिटत. रोकड जास्त भरली की मात्र त्यांची अस्वस्थता पाहण्यासारखी असे. कमी भरली तर नुकसान आपले, ते आपण सोसू. जास्त भरली याचा अर्थ कोणाचे तरी पैसे चुकून आपल्याकडे राहिले, आणि तो माणूस कदाचित आत्ता घरी बसून आपला खिसा चाचपत असेल. मग ते दिवसभरातली गिऱ्हाइके एकामागून एक आठवत. कोणी मोठी नोट दिली होती, कोण घाईत होते, कोणाचे उरलेले पैसे द्यायला आपण आत गेलो आणि तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले. एकदा असेच आठवता आठवता त्यांना पेठेत भाजी विकणाऱ्या एका आजी आठवल्या. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांनी माझ्या हाती पैसे दिले आणि म्हणाले, "आजींना देऊन ये. आणि मामांकडूनच राहून गेले होते असे सांग, नाहीतर त्यांना वाटेल त्यांचीच मोजण्यात चूक झाली." आजींनी पैसे घेतले, पदराच्या गाठीला बांधले आणि मला मूठभर भुईमुगाच्या ओल्या शेंगा दिल्या.

प्रामाणिकपणा हे तत्त्व मामांनी आम्हा मुलांना तोंडाने कधी शिकवले नाही. ते जर रोज रात्री रोकड जुळवत नसते, तर जास्तीचे पैसे आले आहेत हे त्यांना कळलेच नसते आणि परत करण्याचा प्रश्नही उद्भवला नसता. आपण अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर आपल्याकडे जुळवून पाहण्याची सवय नसते म्हणून कितीतरी माणसांचे देणे आपल्याकडे राहून जाते. तत्त्व मनात असून भागत नाही. ते ज्या क्षणी वापरायचे तो क्षण दिवसात ठरलेला असावा लागतो. मामांच्या बाबतीत तो क्षण जेवणाआधीचा होता. भूक लागलेली असताना आणि आतून हाक येत असताना पाळलेला तो अर्धा तास त्यांच्या साऱ्या नावलौकिकाचा पाया होता. कराडच्या बाजारात लोक लहान मुलाच्या हाती पैसे देऊन त्याला निर्धास्तपणे त्यांच्या दुकानात पाठवीत.

आता प्रश्न येतो तो नेम किती कडक असावा याचा. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी साबरमतीच्या आश्रमाला पत्र लिहीत आणि त्या पत्रांतून त्यांनी आश्रमाची व्रते एकेक करून समजावली. व्रत मुळात घ्यावेच कशाला, याचाही विचार त्यांत आहे. जमेल तेवढे करीन असे म्हणणारा माणूस पहिल्याच मोहाला वश झालेला असतो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे, आणि अनुभवाने ते मला पूर्णपणे पटते. जमल्यास येईन असे सांगणाऱ्या माणसासाठी कोणी पान मांडून ठेवत नाही. त्याच्या येण्याने आनंद होतो, पण त्याच्या येण्यावर काही बेतता येत नाही.

परंतु येथे मला एक जोड द्यावीशी वाटते. व्रत पाळण्यात सवलत ठेवायची नसेल, तर ते घेतानाच लहान घ्यायला हवे. ताप आला, घरी पाहुणे आले, बदली झाली, कोणी दगावले, तरी पाळता येईल एवढ्याच आकाराचा नेम धरावा. उत्साहाच्या दिवशी केलेला संकल्प निरुत्साहाच्या दिवशी पेलायचा असतो हे नेम धरताना लक्षात राहत नाही, आणि पाडव्याला धरलेले मोठमोठे नेम चैत्र सरण्याआधी सुटतात ते त्यामुळेच. रुपयामागे थोडा हिस्सा देणे कर्व्यांना ओढगस्तीच्या दिवसांतही शक्य होते. निम्मी कमाई देण्याचा संकल्प त्यांनी केला असता तर तो त्या वयात मोडला असता, आणि संकल्प मोडण्याचा एकदा सराव झाला की पुढचे मोडणे सोपे जाते.

या बाबतीत आपल्या घरांतल्या जुन्या चातुर्मासाकडे मी अलीकडे अधिक आदराने पाहू लागलो आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत माझी आजी काही ना काही नेम धरीत असे. एका वर्षी वांगे वर्ज्य, एका वर्षी रोज संध्याकाळी देवळात दिवा, एका वर्षी पोथीचा एक अध्याय वाचल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. कांदा-लसूण तर घरात चार महिने बंदच, म्हणून त्याआधीच्या कांदेनवमीला भजी आणि थालीपिठे यांची चंगळ असे. या नेमांत बायकांच्या वाट्याला स्वतःचे मन मारणेच फार आले, हे मला विसरता येत नाही, आणि ते सारे जसेच्या तसे परत यावे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण त्याची घडण मोठी शहाणपणाची होती. नेमाला आरंभाचा दिवस होता आणि समाप्तीचाही दिवस होता. तो सगळ्या घराला ठाऊक असे, त्यामुळे आजीच्या ताटात कोणी चुकून वांग्याची भाजी वाढत नसे. नेम एकीचा आणि राखण सगळ्यांची. आणि शेवटी उद्यापन असे, जे सोडले होते ते आधी कोणाला तरी देऊन मगच स्वतः खायचे. पुढच्या वर्षी तोच नेम पुन्हा धरायचा, बदलायचा की सोडायचा हे ठरवायला ती मोकळी असे. जन्मभरासाठी आजपासून अमुक करीन, या आपल्या आजच्या संकल्पांना ना अशी मुदत असते, ना साक्षीदार, ना उद्यापन.

साक्षीदार असण्याची गोष्ट वारकऱ्यांना जितकी उमगली आहे तितकी क्वचितच कोणाला उमगली असेल. तुळशीची माळ आपली आपण गळ्यात घालून भागत नाही, ती अधिकारी व्यक्तीच्या हातून घ्यावी लागते, आणि तिच्याबरोबर एकादशी, वारी, हरिपाठ आणि आहाराचे नियम येतात. माऊलींच्या पालखीच्या मुक्कामी संध्याकाळी समाजआरती होते तेव्हाचे एक दृश्य मला या संदर्भात फार बोलके वाटते. दिंड्या गोलाकार उभ्या असतात, हजारो टाळ वाजत असतात, आणि चोपदारांनी दंड उंचावला की एका क्षणात सारे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तेवढी दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात आणि तिचे म्हणणे ऐकून घेतात. वाटेत कोणाची वस्तू हरवली असेल, कोणाला सापडली असेल, तर तेही तेथेच पुकारले जाते. दिवसभर चालून पाय सुजलेली ही माणसे नेमापायी उभी असतात आणि त्याच वेळी एकमेकांचे गाऱ्हाणे आणि एकमेकांच्या पडझडीचाही विचार होत असतो. एकट्याने केलेल्या साधनेविषयी मला आदर आहे, परंतु टिकाऊपणाच्या बाबतीत मी दिंडीच्या बाजूचा आहे.

माझ्या स्वतःच्या आयुष्यात या विचारातून फार थोडे नियम शिल्लक राहिले आहेत आणि ते सगळे साधे आहेत. ज्याने पत्र किंवा निरोप पाठवला त्याला, उत्तर नकाराचे असले तरी, उत्तर मिळाले पाहिजे. उसने घेतलेले पुस्तक परत देण्याची तारीख घेतानाच त्याच्या पहिल्या पानात चिठ्ठीवर लिहून ठेवायची. घरी काम करायला येणाऱ्या बाईंचा पगार एक तारखेला, त्यांनी मागण्याआधी. यांतल्या कशानेही माझी बुद्धी तल्लख होणार नाही, पण त्या बाई आपल्या मुलाची फी कधी भरायची हे त्या तारखेवरून ठरवतात, आणि तेवढे कारण मला पुरते.

सर्वांत जुना नियम मात्र शिकवण्यातला आहे. वर्ग संपल्यावर मी अर्धा तास त्याच खोलीत, खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर बसतो. ज्याला शंका विचारायची असेल त्याने यावे. हा नेम सुरू केला तेव्हा कितीतरी दिवस कोणी आले नाही. एका सहकाऱ्याने आपुलकीने सुचवले की मुले येतील तेव्हा बसा, उगाच कशाला थांबता. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, पण मला तसे करावेसे वाटले नाही. हुशार मुले कोठेही, केव्हाही गाठून विचारतात. त्यांच्यासाठी हा अर्धा तास नव्हताच. ज्या मुलाला अपूर्णांकांचा भागाकारच नीट येत नाही आणि जो बारावीच्या वर्गात समाकलन उतरवून घेतो आहे, तो आधी लांबून पाहतो. सर खरोखर बसतात का, दुसरे कोणी असते का, कोणी हसते का. काही आठवडे तो दारावरून नुसता जातो. एक दिवस वही छातीशी धरून आत येतो आणि विचारतो ते उदाहरण त्याला अडलेले नसतेच, त्याच्या कितीतरी आधीची पायरी अडलेली असते. ती पायरी सापडायला वेळ लागतो आणि ती समजावायला कधी कधी दहा मिनिटेही लागत नाहीत. सातवीत हुकलेली गोष्ट एकदा हाती आली की त्या मुलाच्या खांद्यांची ठेवण बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

त्या मुलाने ज्या दिवशी धीर गोळा करून यायचे ठरवले असेल, नेमक्या त्याच दिवशी मी जागेवर नसलो तर तो पुन्हा येईल याची खात्री नाही. म्हणून या नेमाच्या खंडालाही मी एक नेम घालून घेतला आहे. बैठक असेल, दवाखान्यात जायचे असेल, गावाला जायचे असेल, तर आदल्या दिवशीच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तसे लिहितो आणि वर्गप्रतिनिधीला ते पुसू नकोस म्हणून सांगतो. मजकूर मोठा नसतो. उद्या सर नाहीत, परवा आहेत, एवढाच असतो, आणि परवा काहीही झाले तरी मी त्या बाकावर असतो.